काळ्या भिंतीवरचं मीठ

सुनेनं घराला काळा रंग लावून घेतला तेव्हा मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती म्हणते तो काळा नाही. दुकानातल्या कार्डावर त्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव होतं. जवळ जाऊन बघितलं तर पिकल्या जांभळाचा रंग दिसतो, हे खरं. पण घराच्या जवळ जाऊन कोण बघतं? रस्त्यानं जाणाऱ्याला ते काळंच.

आमचं घर उरणच्या बाजूला, बंदराकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यापासून दोन शेतं आत आहे. दर्शनी बाजूला, जोत्यापासून गच्चीपर्यंत, मुलानं सिमेंटच्या लांब फळ्या ठोकून घेतल्या आहेत, वरची फळी खालचीवर थोडी चढलेली, लाकडाच्या असाव्यात तशा. याला एलिव्हेशन म्हणतात. गावात ज्याच्या दारात ट्रेलर, त्याच्या घराला एलिव्हेशन. रंग मात्र सगळ्यांचे ठरलेले: पिस्ता, लिंबू, बदामी. त्यांच्यात आमचं जांभूळ.

मुलगा त्या वेळी ट्रेलर घेऊन इंदूरच्या वाटेवर होता. सुनेनं फोन करून विचारलं, "रंग कुठला लावायचा?" तो म्हणाला, "तुला पायजे तो लाव." हे तो सगळ्याच बाबतीत म्हणतो आणि परत आला की स्वतःला पाहिजे ते करतो. या वेळी रंगारी चलाख निघाला. चार दिवसांत काम उरकून मोकळा. मुलगा परत आला, गेटात उभा राहिला आणि म्हणाला, "आये, आपला घर कुठं गेला?"

शेजारी माझी जाऊ राहते. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तोंडानं मोठी. ती कुंपणावरून म्हणाली, "घर हाय का तवा? दुपारच्याला भाकऱ्या थापून लावते गो भिंतीला, गॅस वाचंल."

मी हसले. सूनही हसली, पण ओठांनीच.

सून मूळची पालीची. कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. एकोणीस वर्षं झाली तिला या घरात येऊन. या एकोणीस वर्षांत तिनं स्वतःच्या मनानं इथं काय निवडलं, असा मी एकदा विचार केला तेव्हा काही सापडलं नाही. लाद्या मुलानं आणल्या. कपाट मी घेतलं. तिच्या लग्नातला शालूसुद्धा मीच निवडला होता. तो तिला शोभत नव्हता, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. तर रंग ही तिची पहिली गोष्ट. आवडो न आवडो, ती तिची होती.

दिवाळीत घर चांगलं दिसलं. मान्य करते. झेंडूच्या माळा त्या रंगावर अशा उठून दिसत होत्या की जाऊसुद्धा दोनदा बाहेर येऊन बघून गेली. पण माघापासून खाडीचा वारा सुरू होतो. वाऱ्यात खार असतो, आणि रस्त्यावर दिवसरात्र ट्रेलर चालतात, त्यांची धूळ. दोन्ही मिळून भिंतीवर बसतात. पिस्ता रंगावर बसलं तर कोणाला कळत नाही. आमच्या भिंतीवर सगळं दिसायला लागलं. पांढरे पट्टे, फळीच्या प्रत्येक कडेखाली भुरकट ओळ. होळीपर्यंत घर मिठात घातलेल्या सुक्या मासळीसारखं झालं. कुणीतरी जाता जाता बोटानं 'धुवा' असं लिहून गेलं, ट्रकच्या मागं लिहितात तसं.

आमच्या गावची जत्रा चैत्रात. देवीची पालखी दारोदार येते, पनवेल-पेणपासूनचे पाहुणे येतात. जत्रेला दहाएक दिवस असताना एका शुक्रवारी मुलगा जेवता जेवता म्हणाला, "पालखीच्या आधी हे निघालं तर निघालं. न्हायतर पुढच्या शनवारी रंगारी येतोय, बदामी मारून टाकतो. मी सांगून ठेवलंय."

सुनेनं त्याच्या ताटात कालवण वाढलं. ती आत गेली. त्या दिवशीच्या भाकऱ्या एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ झाल्या. तिची भाकरी कधी अशी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगाच आधी पुढे सरसावला. त्याचं एक म्हणणं असतं, जे काय मळतं ते ट्रेलरसारखं धुता येतं. मित्राच्या वॉशिंग सेंटरवरून त्यानं पाण्याचा पंप आणला. बंदुकीसारखी नळी असलेला. शिवाय चाकांचं ग्रीस काढायच्या साबणाचा कॅन. पंप चालू झाला तसा गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली.

"बगा आता," तो म्हणाला, आणि खालून वर पाणी मारायला लागला.

पांढरं गेलं. पाठोपाठ रंगही गेला. एका फळीच्या कडेचा तळहाताएवढा तुकडा उडून तुळशीत पडला आणि खालचं करडं सिमेंट दिसायला लागलं. सून आतून धावत आली.

"बंद करा! बंद करा आधी ते!"

एकोणीस वर्षांत मी तिचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. मुलानं पंप बंद केला, पण तोंड बंद नाही केलं. "ट्रेलरचा रंग न्हाय उडत यानं."

"ट्रेलरचा रंग लोखंडावर असतो. हा सिमेंटवर ब्रशनं लावलाय. आणि खालून वर मारताय, पाणी फळ्यांच्या मागं जाणार नाही का?"

गेलंच होतं. संध्याकाळपर्यंत टीव्हीच्या मागची भिंत ओली झाली. साबण जिथून ओघळला होता तिथं रंग विटल्यासारखा झाला. मुलानं पंप उचलून टेम्पोत टाकला आणि म्हणाला, "तरी मी सांगत व्हतो, काळा रंग नको." त्यानं तसं कधीच सांगितलं नव्हतं. फोनवर काय म्हणाला होता ते मी ऐकलं होतं.

यात मी शहाणी ठरले असं कुणी समजू नये. त्याच संध्याकाळी सून बाजारात गेली आणि मी नारळाची सोडण घेऊन भिंतीपाशी गेले. तांब्याचा हंडा मी आयुष्यभर सोडणीनं घासला आहे. हंडा सोन्यासारखा निघतो, तर भिंत का नाही निघणार? थोडं पाणी शिंपडलं आणि दरवाजाच्या उजव्या हाताला, जेवणाच्या ताटाएवढी जागा घासली. सगळा जोर लावून घासली. पांढरं पूर्ण निघालं. मला फार बरं वाटलं. मग पाच पावलं मागं येऊन बघितलं तर तेवढाच गोल, तेल लावलेल्या टकलासारखा चमकत होता. बाकीची भिंत बिनचमकीची. पुसून बघितलं, ओलं करून बघितलं. चमक जाईना.

सून आली, पिशव्या खाली ठेवल्या, बघत राहिली.

"आई, हे कोणी केलं?"

"मी."

"कशानं?"

"सोडणीनं. म्हटलं निघंल."

ती जवळ गेली, बोट फिरवून बघितलं. मला वाटलं आता सकाळचा आवाज निघणार. ती म्हणाली, "निघालं तर आहे. जरा जास्तच निघालं." आणि हसायला लागली. या वेळी ओठांनी नाही, पोटातून. मीही हसले. दोघी हसतोय बघून जाऊ कुंपणापाशी आली, तिला चकचकीत गोल दिसला, आणि ती म्हणाली, "बरा झाला. आता आरसा घ्यायला नको."

तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं, असं मला वाटलं. ओरडली असती तर फिटंफाट झाली असती. हसली म्हणून मी अडकले. आता रंग वाचवणं माझंही काम झालं.

रविवारी सुट्टी होती. सुनेनं सगळं विचारपूर्वक केलं. आधी मागच्या बाजूला, मोरीच्या भिंतीला जिथं उरलेला रंग लावला होता, तिथं वीतभर जागेवर करून बघितलं. बादलीत केसांच्या शाम्पूच्या दोन पुड्या, मऊ फडकं, पाणी बोअरवेलचं, साध्या पाइपनं. फडक्याला रंग लागला नाही, चमक आली नाही. मग स्वयंपाक आटपून अकराच्या सुमाराला तिनं पुढच्या भिंतीला हात घातला. मीही पदर खोचला. दोघींनी मिळून दीड वाजेपर्यंत हात पोचेल तेवढी भिंत धुतली.

ओली भिंत काय दिसत होती! पावसात भिजलेलं जांभळाचं झाडच. जाऊ बोलली नाही, म्हणजे चांगली दिसत असणार.

आम्ही जेवलो. मी ओट्यावर खुर्चीत टेकले. डोळा लागतोय न लागतोय तोच मला दिसलं, भिंत सुकतेय आणि सुकता सुकता पांढरी होतेय. आधी फळ्यांच्या खालच्या कडांना बारीक रेघ. मग रेघांतून ओघळ. मग ओघळांच्या मधलं सगळं. बघता बघता भिंत धुण्याआधी होती त्याहून पांढरी झाली. सून बाहेर आली आणि पायरीवर बसली. तिच्या हातांना पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या, सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. मुलगा दाढी करून बाहेर निघाला होता, त्यानं एकदा भिंतीकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं.

"राहू दे आता," तो म्हणाला. आवाज मऊ होता, पण पुढचं वाक्य तेच होतं. "शनवारी रंगारी येतो."

मी उठले, भिंतीपाशी गेले आणि जीभ लावली.

"अगो, सासू भिंत चाटते!" जाऊ ओरडली. "ऊन लागला गो हिला!"

खारट. निव्वळ मीठ.

मी मिठागरावर वाढलेली. माझे वडील मिठागरावर कामाला होते आणि चौथीनंतर मीही होते. त्या आठवणीनं मला गहिवरून वगैरे येत नाही. मिठानं पायांना भेगा पडतात आणि भेगांत पुन्हा मीठच जातं. ते मिठागर बुजवलं, तिथं आता कंटेनर रचून ठेवतात, आणि मला त्याचं काही दुःख नाही. पण मीठ कसं होतं ते मला कळतं. उथळ वाफ्यात खारं पाणी घ्यायचं, पातळ पसरायचं आणि ऊन-वाऱ्याला सोडून द्यायचं. दुपारी पाण्यावर मिठाची साय धरते. तळ जितका तापलेला तितकं लवकर.

मी भिंतीला तळहात लावला. चटका बसला. काळा रंग, दक्षिणेचं तोंड, चैत्रातली भर दुपारची वेळ. आणि बोअरवेलचं पाणी, जे आम्ही पीत नाही, ज्यात डाळ शिजत नाही, कारण खाडी इथून हाकेवर आहे. ते पाणी आम्ही दोघींनी तापलेल्या भिंतीवर पातळ पसरलं होतं.

"उठ," मी सुनेला म्हटलं. "भिंत खराब न्हाय झाली. आपण मीठ पिकवलं."

"काय पिकवलं?"

"मीठ. चाटून बघ."

तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं. मग म्हणाली, "आई, सकाळी पाणी चाखून बघितलं असतं तरी कळलं असतं."

"व्हय. पण सकाळी अक्कल कुठं व्हती? ना तुला ना मला."

"मग आता?"

"गोडं पाणी. आन ऊन भिंतीवर यायच्या आत."

नळाचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, दीड तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार. शनिवारी रंगारी. म्हणजे तीन सकाळी हातात होत्या. ऊन आठ वाजता भिंतीवर येतं ते संध्याकाळपर्यंत हटत नाही. सुनेनं हिशेब घातला: उजाडल्यापासून आठपर्यंत जेवढं होईल तेवढं करायचं, आणि एका वेळी दोन हात रुंदीचाच पट्टा घ्यायचा, म्हणजे कुठं पाणी वाळायला वेळ मिळणार नाही. पाणी पुरायचं तर बाकीच्यांनी थोडं सोसायला पाहिजे होतं. मी मुलाला सांगितलं, आठवडाभर त्याची आंघोळ बोअरवेलच्या पाण्यानं.

"माझी आंघोळ खाऱ्या पाण्यानं आन भिंतीची गोड्या पाण्यानं?"

"व्हय. तू वाळलास की पांढरा झालास तर कोण बघतंय?"

त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते तिचे.

सोमवारी नळ साडेपाचला आला. पिण्याचं भरून झाल्यावर आम्ही दोन पिंपं भरली. माझी एक जुनी साडी होती, धुवून धुवून लोण्यासारखी झालेली, ती फाडून तिची फडकी केली. पहिल्यांदा कोरड्या मऊ कुंच्यानं फळ्यांच्या कडांवरची धूळ झाडली, म्हणजे ती फडक्यात येऊन रंगाला घासणार नाही. मग पट्टा भिजवला. शाम्पूचं पाणी खालून वर लावत नेलं. हे मला आधी उलटं वाटलं होतं, पण वरून लावलं तर साबणाचे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात आणि तिथंच डाग धरतात. सुनेच्या हे मोरीच्या भिंतीपाशीच लक्षात आलं होतं. आणि शेवटी साधं पाणी वरून खाली, साबण पूर्ण जाईपर्यंत.

"आई, घासू नका. नुसतं फिरवा."

"फिरवतेच हाय."

"हे घासणं आहे."

"बरं बाय. गळवावरून हात फिरवावा तसा फिरवते, चालंल?"

"चालेल."

सवय जाता जात नाही. आयुष्यभर जे मळलं ते मी जोर लावून साफ केलं. त्या भिंतीपाशी माझा हात पुन्हा पुन्हा जोर करायचा आणि ती न बोलता माझ्या मनगटावर नुसती दोन बोटं ठेवायची. तिसऱ्या पट्ट्याला मला जमलं. खरं सांगायचं तर मजा आली. कोवळा उजेड, पाणी गार, भिंत गार, मागच्या वाडीत कोकीळ ओरडतोय आणि फडक्याखालून तो जांभळा रंग वर येतोय. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी एका वेळी एका कामाला कधी लागलोच नव्हतो. चुलीपाशी एकच बाई पुरते, दुसरी असली की अडचण होते. भिंतीला दोघी लागतात.

साडेसातला हात थांबवला. सून ऑफिसला गेली. मी मात्र दिवसभर तीन-चारदा बाहेर येऊन बघत होते. दुपारी भिंत तापली, पूर्ण सुकली. पांढरं आलं नाही. चार वाजता मी पुन्हा जीभ लावून बघितली.

"आज काय चव हाय?" जावेनं विचारलं.

"अळणी."

"मंग माझ्याकडं कशाला बघतेस?"

"तुला दाखवतेय. बघून घे."

बुधवारी खालचा मजला पूर्ण झाला. आता प्रश्न वरच्या अर्ध्या भिंतीचा. आमचे हात पोचत नव्हते, आणि शिडीवर मला चढू देईना कोणी. बुधवारी संध्याकाळी मुलगा न्हाव्हा-शेव्याहून आला तेव्हा रस्त्यावरच थांबलेला मी बघितला. घर खाली जांभळं आणि वर पांढरं, मधे रेघ मारल्यासारखी सरळ. आत येऊन त्यानं हातपाय धुतले. जेवला, टीव्ही बघितला. झोपायला जाताना म्हणाला, "नळ किती वाजता येतो?"

"साडेपाचला," सून म्हणाली.

"उठव मंग."

शुक्रवारी तो शिडीवर, सून खाली बादलीशी, आणि मी गच्चीवर पाइप धरून. नळाचं पाणी पिंपातून गच्चीवर नेण्यात निम्मा वेळ गेला. त्याला बाईमाणसानं काम सांगितलेलं सहन होत नाही, पण शिडीवरच्या माणसाला दुसरा इलाज नसतो.

"जोरात नको," सून खालून.

"जोरात कुठं?"

"फडकं बदला. काळं झालंय ते."

"आये, पाणी सोड!"

मी सोडलं. बोट दाबून धार करायचा मोह झाला, पण दाबलं नाही. नुसतं वाहू दिलं. अर्धं भिंतीवर गेलं, अर्धं त्याच्या टाळक्यावर. तो शिडीवर भिजून उभा, खाली त्याची बायको बादलीला धरून हसतेय, आणि कुंपणापलीकडून जाऊ ओरडतेय, "झाली का रं गोड्या पाण्याची आंघोळ?"

आठ वाजता ऊन आलं तेव्हा शेवटचा पट्टा अजून ओला होता. आम्ही त्यावर पुन्हा साधं पाणी सोडलं आणि मऊ फडक्यानं टिपून घेतलं. मग तिघं ओट्यावर बसून चहा प्यालो. कोणी काही ठरवलं नाही. सुनेनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. पण रंगाऱ्याला फोनही कोणी केला नाही, त्यामुळे शनिवारी तो सकाळी नऊला बदामी रंगाच्या दोन बादल्या घेऊन हजर.

तो गेटातच थबकला. भिंतीपाशी गेला, हाताच्या मागच्या बाजूनं चाचपलं, वर मान करून गच्चीपर्यंत बघितलं. "दुसऱ्या कुणाकडून मारून घेतलात काय?"

"धुतलं," मी म्हटलं.

"कशानं?"

"पाण्यानं."

त्याला ते खरं वाटलं नाही. तो मुलाकडे वळला. "शेट, मग काय करायचं? मी माल घेऊन आलोय."

सून दारात उभी होती. हातात कालवणाचा चमचा तसाच. चमच्यातून थेंब लादीवर पडत होते आणि तिला ते कळत नव्हतं. मुलानं भिंतीकडे बघितलं नाही. तो तिच्याकडेच बघत होता. मग त्यानं उडालेल्या फळीच्या कडेवर बोट ठेवलं.

"हे माझ्या हातनं उडालंय," तो म्हणाला. "तुझ्या रंगाचा डबा शिल्लक हाय का गो?"

"आहे. अर्धा. जिन्याखाली."

"आण. तेवढं भरून घेऊ. बाकीच्याला हात न्हाय लावायचा."

ती डबा आणायला गेली ती चमचा घेऊनच गेली. रंगाऱ्यानं कड घासून, पुट्टी भरून, तोच रंग लावून दिला. माझा चकचकीत गोल बघून तो म्हणाला, याच्यावर पण एक हात मारतो. मी म्हटलं मार. मार म्हणजे माझी अब्रू झाकली जाईल. सून म्हणाली, "नको. एवढ्यातेवढ्यावर मारला तर ठिगळ दिसेल. असू दे." तो गोल अजून तिथंच आहे. येणारा-जाणारा विचारतो आणि ती सगळ्यांना सांगते. बदामीच्या बादल्या जावेनं ठेवून घेतल्या. तिचं घर आता आमच्या शेजारी पेढ्यासारखं दिसतं.

मंगळवारी जत्रा. पालखी आमच्या दारात अकराच्या सुमाराला आली. पुढे बेंजो, मागे सगळं गाव. पाहुणे ओट्यावर, गच्चीवर, शिडीवरसुद्धा. सुनेनं हिरवी साडी नेसली होती. या वेळी ती तिनंच घेतलेली. आरतीचं ताट घेऊन ती पुढे झाली तेव्हा मागं ती भिंत अशी दिसत होती की पनवेलच्या माझ्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, हा रंग कुणी निवडला गो?"

"माझ्या सुनेनं," मी म्हटलं.

पालखी नाचायला लागली आणि पोरांनी गुलाल उधळला. पहिली मूठ देवीवर, दुसरी माणसांवर, आणि तिसऱ्या मुठीनंतर कोण कशावर टाकतोय ते कळेना. धुरळा खाली बसला तेव्हा दरवाजापासून गच्चीच्या अर्ध्यापर्यंत भिंत गुलाबी. मधे कुणाच्या तरी दोन हातांचे पंजे. बेंजो वाजतच होता. ओट्यावरचे सगळे सुनेकडे बघत होते. मुलगा केसांत गुलाल तसाच घेऊन आत पळाला आणि भरलेली बादली आणि फडकं घेऊन बाहेर आला.

"ठेव ती बादली!" मी आणि सून एकाच वेळी ओरडलो.

"अरे, डाग धरंल ना!"

"पाणी लावलं तर धरंल," मी म्हटलं. "कोरडा हाय तवर नुसता झाडायचा."

"आणि आत्ता नाही," सून म्हणाली. "भिंत तापलीय. सकाळी." तिच्या कपाळावर, नाकावर, आरतीच्या ताटात, सगळीकडे गुलाल होता. तिनं ताट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि पालखीच्या पुढे नाचायला गेली. ही बाई नाचते हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, नळाचा दिवस. मी साडेपाचला उठून ओट्यावर आले तर ती आधीच भिंतीपाशी उभी होती, डोक्याला फडकं बांधून, हातात मऊ कुंचा, वरून खाली हलका हलका झाडत. गुलाल तिच्या पायांशी रांगोळीसारखा पडत होता.

"आई, दुसरा कुंचा मोरीत आहे," ती मागं न बघता म्हणाली.

मी तो घेऊन आले आणि दरवाजाच्या उजव्या बाजूनं सुरुवात केली.